सतरा नंबरच्या खोक्यातली देवी

“अनोळखी देव दिसला तर हात जोड आणि पुढे हो. खायला मात्र घालू नकोस. एकदा वाढलंस की त्याचं रोजचं तुझ्याकडे लागलं. मग एक दिवस चुकून चालायचं नाही.”

सासूबाईंनी हे शरयूला सांगितलं ते अमेरिकेला निघायच्या आदल्या दिवशी, लोणच्याच्या बरणीला फडकं बांधता बांधता. शरयूला तेव्हा मनातून हसूच आलं होतं. अमेरिकेत कुठला आलाय अनोळखी देव! स्वतःच्या देवांना जागा मिळाली तरी पुष्कळ. त्यानंतर चौदा वर्षं ती पिस्कॅटवेच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये सासूबाईंनी दिलेले पाच देव पूजत आली. सकाळची पूजा, संध्याकाळचा दिवा, शुक्रवारची गूळफुटाण्याची वाटी. त्यात कधी खंड पडला नाही. आणि एवढं सगळं सांभाळून, ज्या एका गोष्टीची सासूबाईंनी ताकीद दिली होती, नेमकी तीच तिच्या हातून झाली.

झालं ते असं. युनिव्हर्सिटीत ब्रेनन नावाच्या एक प्रोफेसर बाई होत्या. एडमंड पेलिंग नावाच्या इंग्रज लेखकाचं चरित्र त्या लिहीत होत्या. हा पेलिंग साहेब ऐंशी वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यात असिस्टंट कलेक्टर होता. दिवसा वसुली बघायची आणि उरलेल्या वेळात भुताखेतांच्या गोष्टी लिहायच्या. विलायतेत त्या गोष्टींना मोठा खप होता म्हणे. त्याच्या नातीने अमेरिकन माणसाशी लग्न केलं, आणि आजोबांचे कागद चोवीस खोक्यांमधून लायब्ररीला देऊन टाकले. त्यातली काही पत्रं मोडीत होती. शरयूचे वडील पुण्याला सरकारी दफ्तरात होते, त्यांनी तिला लहानपणी हौसेने मोडी शिकवली होती. नोकरी अशी तिच्याकडे चालतच आली.

ऑक्टोबरात तिने सतरा नंबरचं खोकं उघडलं. कागदांच्या खाली लाल खणाचा एक तुकडा होता, आणि त्यात चांदीचा टाक. चार बोटं उंचीची देवी, आठ हात, कपाळाला जुन्या कुंकवाची काळपट चिकटण. गळ्यात दोऱ्याने बांधलेला कागदाचा चतकोर: खोकं १७, वस्तू ४.

कुणाच्या तरी देवघरातली, चालती पूजा असलेली देवी होती ती. आईगं, किती वर्षं उपाशी गं तू! टेबलावर कॉफीच्या मशीनपाशी मिळते ती साखरेची कागदी पुडी पडली होती. विचार करायच्या आत तिने पुडी फाडली, चार दाणे देवीपुढे ठेवले आणि पाण्याचं बोट फिरवलं.

आणि मग तिला सासूबाई आठवल्या.

त्या दिवसापासून एकही दिवस तिने चुकवला नाही. खोलीत खाऊ नये अशी पाटी होती, तरी साखरेचे चार दाणे ठरलेले. शनिवारी-रविवारीसुद्धा बस पकडून जायची. उल्हास म्हणायचा, “रविवारी पण लायब्ररी? माझ्यापासून चोरून पीएचडी करतेस की काय, यार?” ती हसून विषय बदलायची.

खरी भीती नोव्हेंबरात शिरली. ब्रेननबाईंनी तिला पेलिंगच्या गोष्टींचं पुस्तक वाचायला दिलं. सगळ्यात गाजलेली गोष्ट होती ‘चांदीची बाई’. त्यात एक साहेब गावातल्या बाईची देवी उचलून आणतो. देवीला नैवेद्य मिळेनासा होतो. पहिल्या दिवशी घरातलं दूध नासतं. मग विहिरीचं पाणी तळाला जातं. चौथ्या दिवशी साहेबाच्या लहान मुलीला ताप भरतो, आणि अकराव्या दिवशी ती जाते. तिच्या जिभेवर कुंकू सापडतं. शरयूने पुस्तक मिटलं, ते परत उघडलं नाही. पण गोष्ट काही मिटली नाही.

आणि डिसेंबरात नोटीस लागली. नाताळची सुट्टी, लायब्ररी बंद, बावीस डिसेंबर ते एक जानेवारी. शरयूने बोटांवर दिवस मोजले. अकरा.

एकवीस तारखेला, शुक्रवारी, तिने टाक खणासकट शिऱ्याच्या रिकाम्या डब्यात घातला आणि डबा पर्समध्ये ठेवला. आयुष्यात तिने दुसऱ्याची सुईसुद्धा घेतली नव्हती. दाराशी बसणारा म्हातारा गार्ड बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची बॅग बघायचा. त्याने डबा हातात घेतला, हलवला. आत खुटखुट वाजलं.

“काहीतरी उरलंय वाटतं आज,” तो इंग्रजीत म्हणाला. “तुमच्या त्या मसाल्यांचा वास मला फार आवडतो.”

“हो,” शरयू म्हणाली.

“मेरी ख्रिसमस, हं.”

बसमध्ये ती पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसली.

घरी तिने टाक आपल्या देवांच्या मागे, उदबत्तीच्या खोक्याआड ठेवला. उपाशी तर ठेवायचं नाही ना, मग झालं तर, असं ती स्वतःला समजावत राहिली. अकरा दिवसांनी परत. कुणाला कळायचंही नाही.

चौथ्या दिवशी, नाताळच्याच सकाळी, उत्तरा उठली नाही.

बारा वर्षांची पोर, सुट्टीत टीव्हीपुढे लोळायला सगळ्यांच्या आधी उठणारी. शरयूने कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

“आई, इट्स जस्ट फ्लू,” उत्तरा डोळे न उघडता म्हणाली. “डोंट लुक ॲट मी लाइक दॅट.”

“कसं बघतेय मी?”

“लाइक आय ॲम डेड.”

“अगं, शुभ बोल गं बाई!” शरयू इतक्या जोरात ओरडली की उल्हास दाढीचा साबण तसाच गालावर घेऊन धावत आला.

ताप एकशे दोन. दुसऱ्या दिवशी एकशे तीन. शरयू सकाळ-संध्याकाळ देवीला साखर ठेवत होती, आता दूधही ठेवू लागली. देवी काय मागत होती तिला कळेना. चोरीचा राग आला असेल का? की खोक्यातून निघाल्यावर जुना हिशेब आठवला असेल? नळ सोडला की पाणी नीट येतंय ना हे ती बघायची. फ्रिजमधल्या दुधाचा वास दिवसातून दहा वेळा घ्यायची. सातव्या दिवशी दूध खरंच नासलेलं निघालं. कार्टनवरची तारीख उलटून गेली होती, पण शरयूला तारीख दिसलीच नाही. तिने सगळं दूध सिंकमध्ये ओतून टाकलं.

त्याच दुपारी उत्तराला श्वास लागला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि न्यूमोनिया म्हणून दाखल करून घेतलं. ऑक्सिजनची नळी नाकाला लागली. उल्हास फॉर्म भरत होता तेवढ्यात शरयू टॅक्सीने घरी जाऊन आली. येताना पर्समध्ये टाक होता. पोरीच्या उशीखाली तो सरकवताना ती इतकंच पुटपुटली, “मी तुला उचलून आणलं, शिक्षा मला कर. हिला उठव. हिला उठवलंस तर तुला तुझ्या घरी पोचवीन. तुझ्या स्वतःच्या घरी. शब्द देते.”

देवीचं घर कुठे, ते कुणाचं, तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी ती कॅन्टीनमधून चहा घेऊन परत आली, तर नर्स चादर बदलत होती आणि उल्हास खिडकीपाशी उभा होता. त्याच्या तळहातावर टाक होता.

“नर्स विचारत होती, इज दिस युवर्स,” तो हळू आवाजात म्हणाला. “मी म्हटलं, यस, आमचा देव आहे. मग मी नीट बघितलं. शरयू, याला नंबर का आहे?”

ती टाक घ्यायला पुढे झाली. त्याने मूठ मिटली.

“आपल्या देवांना नंबर कधीपासून लागले?”

शरयूने चहाचा कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. साखरेच्या पुडीपासून शिऱ्याच्या डब्यापर्यंत. उल्हास ऐकत होता. एकदा त्याने कपाळाला हात लावला, एकदा दाराकडे बघितलं, कुणी ऐकतंय का.

“फेब्रुवारीत माझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू आहे,” तो म्हणाला. “तिथे विचारतात, तुम्ही कधी गुन्हा केलाय का, गुन्ह्यात कुणाला मदत केलीय का. काय सांगू? बायकोने देवी पळवली, पण तिला जेवू घालण्यासाठी?”

“चिडू नका ना.”

“चिडू नको तर काय आरती करू? एका मेलेल्या साहेबाची गोष्ट वाचून तू... इंजिनियरची बायको आहेस तू!”

“परवा अकरावा दिवस आहे,” शरयू म्हणाली.

उल्हासने तिच्याकडे बघितलं. मग उत्तराकडे. पोरीचे ओठ सुकून पांढरे पडले होते आणि प्रत्येक श्वासागणिक गळ्याच्या खळग्यात कातडी आत ओढली जात होती. नर्स गेल्यावर त्याने स्वतःच्या हाताने टाक उशीखाली ठेवला. वर उशी सारखी केली.

ते दोन दिवस शरयू खुर्चीतून उठली नाही. ब्रेननबाईंनी सुट्टीत वाचायला दिलेल्या मोडी पत्रांच्या झेरॉक्स पर्समध्ये होत्या. जप करताना मन भरकटायचं आणि नेमकं नको तिथे जायचं. म्हणून तिने कागद मांडीवर घेतले. अक्षरं लावायची म्हटली की दुसरं काही सुचत नाही, म्हणून.

पाच पत्रं होती. पाचही एकाच बाईची. भागीरथी, पेलिंग साहेबाच्या मुलीची आया. गावच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेली.

पहिल्या पत्रात होतं: ‘बेबी बरी झाली हे ऐकून जीव भांड्यात पडला. देवीने लाज राखली. तिच्या उशाशी मी ठेवलेली आमची देवी आता कृपा करून शेंदुर्लीस पाठवावी. घरचा देव्हारा रिकामा आहे.’

शरयूने ते पुन्हा वाचलं. उशाशी मी ठेवलेली. मग साहेबाने उचलून आणली नव्हती तर. आयानेच दिली होती, पोरीच्या तापात. आणि बेबी बरी झाली?

दुसरं पत्र: ‘पावसाळा झाल्यावर देतो म्हणालात. दिवाळीही होऊन गेली.’ तिसरं: ‘थोरलीचं लग्न झालं. देवीच्या जागी सुपारी मांडून गोंधळ घातला. लोकं बोलली.’ चौथ्यात मागणं नव्हतंच. ‘देवी राग धरणारी नाही, साहेबांनी भिऊ नये. पण तिला सकाळी गुळाचा खडा लागतो. मडमेस सांगून तेवढं करवावं. माझा हात सकाळी अजून गुळाच्या डब्याकडे जातो.’ पाचवं पत्र मुंबईच्या पत्त्यावर होतं, आणि त्यावर साहेब विलायतेस गेल्याचा शेरा मारून ते परत आलेलं होतं. पेलिंगच्या कागदांत ते पुन्हा कसं पोचलं कोण जाणे. त्यात एकच ओळ होती: ‘शेंदुर्ली, तालुका पाटण, दाजी गुरवाच्या घराशेजारी, हा पत्ता जपून ठेवावा.’

अकराव्या दिवशी, एक जानेवारीला, दुपारी तीनच्या सुमारास उत्तराच्या मानेवर घाम आला. शरयूला आधी वाटलं, संपलं. ती बेल दाबत राहिली. नर्स आली, थर्मामीटर बघितलं आणि हसली. ताप उतरत होता.

उत्तराने डोळे उघडले. “आई, आय ॲम हंग्री. आणि माझ्या पिलोमध्ये काहीतरी टोचतंय.”

शरयू रडली ती अशी, की शेजारच्या खोलीतली म्हातारी चौकशीला आली.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. लायब्ररी दोन तारखेला उघडली. शरयूने फोन करून सांगितलं, मुलगी आजारी आहे. ते खरंच होतं. चार तारखेला उत्तरा घरी आली. त्या दिवशीही शरयू गेली नाही. टाक आता उत्तराच्या खोलीत, पलंगाशेजारच्या टेबलावर होता. पोरीला अजून खोकला होता. दुपारी झोपेत ती खोकली की शरयूचा हात आधी पोरीकडे जायचा नि मग टाकाकडे.

“परत नेऊन ठेवायला हवं,” सात तारखेला तीच म्हणाली.

उल्हास पेपरात डोकं घालून बसला होता. “हं,” तो म्हणाला. मग जरा थांबून, पेपर खाली न करता, “खोकला पूर्ण जाऊ दे ना. अजून चार दिवस राहू दे.”

“तुम्ही म्हणताय हे?”

“मी काहीच म्हणत नाहीये. फक्त राहू दे म्हणतोय.”

आठ तारखेला सकाळी फोन वाजला. प्रोफेसर ब्रेनन.

“उत्तरा कशी आहे? छान, छान. शरयू, एक विचारायचं होतं. सतरा नंबरच्या खोक्यात ती देवी दिसत नाही. कापडही नाही. तू कुठे दुसऱ्या खोक्यात ठेवलीस का? सोमवारी लायब्ररीचे लोक यादी तपासायला येणार आहेत.”

“मी... पुढच्या आठवड्यात येऊन बघते,” ती म्हणाली.

“ठीक आहे. घाई नाही.”

“बाई,” शरयूने विचारलं, आणि आपण हे का विचारतोय हे तिचं तिलाच समजेना, “पेलिंगची मुलगी होती ना, बेबी. तिचं काय झालं?”

“एलनॉर? ती त्र्याऐंशी वर्षांची होऊन गेली. रोज दोन पाकिटं सिगरेट ओढायची. मी भेटले होते तिला.” ब्रेननबाई हसल्या. “ती सांगायची, लग्न होईपर्यंत ती देवी तिच्या पलंगाशेजारी असायची. वडील तिथून हलवू द्यायचे नाहीत. गंमत बघ, गोष्टीत त्याने तिला मारून टाकलं. आणि डायरीत तीन वर्षं एकच वाक्य आहे. ‘आयाने पुन्हा देवी मागितली. पावसाळ्यानंतर, असं सांगितलं.’ मला वाटायचं, माणूस विसरभोळा असणार.”

शरयूने फोन ठेवला. विसरभोळा नव्हता तो. भ्यालेला होता. देवी उशाशी होती, पोर वाचली, मग ती परत द्यायची हिंमत कुठून आणणार? उद्या देतो, पावसाळ्यानंतर देतो, खोकला गेल्यावर देतो. आणि मग परत न दिलेल्या देवीचीच त्याला भीती वाटायला लागली असेल. ती कुठेतरी ठेवायला हवी म्हणून गोष्टीत ठेवली. भागीरथीने लिहून कळवलं होतं, भिऊ नये. त्याने ते पत्र कुणाकडून वाचवून घेतलं असेल का?

पुढच्या आठवड्यात येऊन बघते. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं ते.

ती स्वयंपाकघरात गेली. गुळाचा खडा वाटीत घेऊन उत्तराच्या खोलीत आली. उत्तरा उशीला टेकून पुस्तक वाचत होती.

“आई, आर यू टेकिंग हर बॅक?”

“तुला कुणी सांगितलं?”

“तू आणि बाबा कुजबुजता, पण खूप लाउडली.” उत्तराने टाकाकडे बघितलं. “इज शी मॅड ॲट अस?”

“नाही गं. राग धरणारी नाही ती.” विश्वास होता का तिचा? अर्धा होता.

गूळ दाखवून झाल्यावर तिने टाक लाल खणात गुंडाळला, नंबरासकट. डब्यात नाही ठेवला. सरळ हातात धरला. भागीरथीच्या पाच पत्रांची झेरॉक्स आणि तिने केलेला अनुवाद एका फोल्डरमध्ये घातला. वरच्या कागदावर पत्ता लिहिला होता, शेंदुर्ली, तालुका पाटण. गार्डला काय सांगायचं, ब्रेननबाईंना काय सांगायचं, हे तिने मनात तीनदा घोळवलं. सगळं सांगायचं. मी नेली, मी आणली. ही वस्तू नंबर चार नाही, ही विश्वासाने ठेवायला दिलेली आणि परत न मिळालेली देवी आहे. मालकिणीने तिच्यासाठी पाच पत्रं लिहिली आहेत. तिची नातवंडं-पतवंडं असतील तिथे. मी पत्र लिहीन त्यांना, तुम्ही लायब्ररीला लिहा. नोकरी जाईल, कदाचित. फेब्रुवारीत उल्हासला काय विचारतील ते देव जाणे.

उल्हास ऑफिसला गेला होता. तिने त्याच्यासाठी फ्रिजवर चिठ्ठी लावली, ‘देवीला घेऊन जाते. फोन करू नका, परत फिरेन.’

शेजारच्या नंदाला उत्तराजवळ बसायला बोलावलं. कोट चढवला, टोपी कानांवर ओढली. दाराच्या कडीला हात लावला आणि आतून उत्तराला खोकला आला. एकदा. मग जरा लांबलेला, दुसऱ्यांदा.

शरयूचा हात कडीवर तसाच राहिला. तिने डोळे मिटले. छातीपाशी खणातली चांदी थंडगार लागत होती.

“मी आहे ना इथे,” नंदा आतून म्हणाली. “पाणी देते तिला. तू जा.”

शरयूने दार उघडलं, बाहेर पाऊल टाकलं आणि ते आवाज न करता मागे ओढून घेतलं. रस्त्याच्या कडेला कालच्या बर्फाची करडी रास होती. दोन्ही हात छातीशी धरून, बर्फावरून पाय घसरू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत, ती बस स्टॉपकडे चालू लागली.